तुकोबांच्या अभंगावर कॉपीराइट क्लेम कसा येतो?

रामकृष्ण हरी.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गावच्या सप्ताहात वडिलांच्या मंडळाने म्हटलेलं भजन तुम्ही मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकलं आणि त्यावर तीन क्लेम, म्हणजे हक्काचे दावे, आले. पहिला मधल्या अभंगावर, जुळणीचा प्रकार ‘मेलडी’. दुसरा शेवटच्या सव्वा मिनिटावर, कारण भजन संपल्यावर मंडपात कुणीतरी स्पीकरवर भक्तिगीतांची कॅसेट लावली आणि तुमचं चित्रीकरण चालूच होतं. तिसरा सुरुवातीच्या शीर्षकाखाली टाकलेल्या बासरीच्या तुकड्यावर, जो तुम्ही ‘फुकट’ म्हणून इंटरनेटवरून घेतला होता. तुमचं म्हणणं असं की अभंग तुकाराम महाराजांचा, गळा वडिलांचा, मोबाइल माझा, मग कंपनी मध्ये आली कुठून? वर ही भीती, की डिस्प्यूट केला, म्हणजे क्लेमला हरकत घेतली, तर चॅनल जाईल का.

मी बरीच वर्षं एका संगीत कंपनीच्या डिजिटल विभागात काढली. म्हणजे क्लेम जिथून सुटतात त्या टोकाला. रेफरन्स फाइली चढवायच्या, आलेले डिस्प्यूट वाचायचे, सोडायचे की फेटाळायचे ते ठरवायचं, हे रोजचं काम. आता लहान चॅनलवाल्यांसाठी तेच काम उलट्या बाजूने करतो. वकील नाही, तेव्हा कायद्याचं जे लिहितोय ते कामातून आलेलं समजा. प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं तर वकील गाठा.

पहिली गोष्ट, हे एक प्रकरण नाही, तीन आहेत. बहुतेक लोक रागाच्या भरात तिन्ही क्लेमवर ‘हा संतांचा अभंग आहे, यावर कुणाची मालकी नाही’ असं एकच वाक्य चिकटवतात. पहिल्या क्लेमवर ते वाक्य कदाचित चालेल. दुसऱ्यावर ते चूक आहे. तिसऱ्याशी त्याचा काही संबंधच नाही. आणि तीनपैकी दोन उत्तरं गैरलागू दिसली की तपासणारा माणूस तिसरंही नीट वाचत नाही.

यंत्र नेमकं काय करतं ते बघा, निम्मी भीती तिथेच जाईल. यूट्यूबच्या गाळणीचं नाव कंटेंट आयडी. कंपनी आपलं गाणं तिथे रेफरन्स फाइल म्हणून चढवते आणि त्या आवाजाचा ठसा काढून ठेवला जातो. यूट्यूबच्या यंत्राचे आतले तपशील बंद आहेत, पण वाजणारं गाणं ओळखणाऱ्या शझामसारख्या ॲपमागची पद्धत जाहीर आहे आणि या तंत्राचा पाया त्यावरून कळतो. आवाजात कोणत्या क्षणी कोणती वारंवारिता जोरात आहे याचा आलेख काढायचा, त्यातले ठळक बिंदू तेवढे ठेवायचे आणि त्या बिंदूंची एकमेकांपासूनची अंतरं आकड्यांत साठवायची. नवा व्हिडिओ आला की त्याचेही बिंदू काढून साठ्याशी ताडायचे. पुरेसे आकडे त्याच क्रमाने जुळले की जुळणी सापडली. ढगाळ रात्री चार चांदण्या दिसल्या तरी सप्तर्षी ओळखू येतात, तसं. म्हणून फाटक्या कर्ण्यावर, पंगतीच्या गलक्यात वाजलेली कॅसेटही त्याला सापडते. तिथे यंत्राने काही चूक केलेली नाही.

‘मेलडी’ हा प्रकार वेगळा आहे. तो ध्वनिमुद्रणाचा ठसा बघत नाही, सुरांची चढ-उतार बघतो. गळा कोणाचा, साथीला पेटी की सतार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्याने गायलेली तीच चाल ओळखावी यासाठीच तो आहे. त्यामुळे माझ्या अनुभवात चुकीच्या जुळण्या यातच जास्त निघतात, आणि एकाच रागावर, एकाच ठेक्यावर बेतलेल्या आपल्या भजनी चालींमध्ये तर हमखास.

पण या दोन्हींत मालकी कुठेच मोजली जात नाही, हे लक्षात घ्या. यंत्राला साम्य कळतं, हक्क कळत नाही. हक्काची माहिती येते कंपनीने रेफरन्स फाइलबरोबर भरलेल्या तक्त्यातून. गाण्याचं नाव, हक्क ध्वनिमुद्रणाचा की चालीचा, कोणकोणत्या देशांत, आणि जुळणी सापडली तर काय करायचं, असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यात तीन पर्याय: व्हिडिओ बंद करा, त्यावर जाहिराती लावून पैसे आम्हाला द्या, किंवा नुसती नोंद ठेवा. हा तक्ता माणूस भरतो. शेकडो गाण्यांची एक्सेल शीट समोर असते, ती संध्याकाळपर्यंत चढवायची असते, आणि ‘मालकी १०० टक्के, सर्व देश’ हा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढला जातो. त्यात एखाद्या ओळीत ‘संगीत: पारंपरिक’ लिहिलेलं असलं तरी ओढणाऱ्याचं तिकडे लक्ष नसतं. तुमच्या पहिल्या क्लेमचं मूळ बहुधा अशाच एखाद्या रकान्यात आहे.

या तक्त्यावर किती विश्वास टाकला जातो याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲरिझोनातल्या दोघांनी लॅटिन अमेरिकन कलाकारांची ५०,००० हून जास्त गाणी आपलीच म्हणून नोंदवली आणि सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर उचलले. २०२१ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं आणि पुढे दोघांनाही तुरुंगवास झाला. तुमच्यावर क्लेम करणारा तसाच भामटा आहे असं मी म्हणत नाही. क्लेम आला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, एवढंच.

ही गाळणी मुळात व्यवहारातून आली. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार तक्रार आल्यावर मजकूर तातडीने काढला की संकेतस्थळ जबाबदारीतून सुटत होतं. २००६ मध्ये गूगलने यूट्यूब १६५ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं, मार्च २००७ मध्ये व्हायकॉम या अमेरिकी माध्यम कंपनीने यूट्यूबवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंटेंट आयडी आलं. आपल्याकडेही मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये साधारण असंच म्हटलं, की नेमका कोणता मजकूर हक्कभंग करतो हे कळल्याशिवाय संकेतस्थळाला दोषी धरता येणार नाही. तेव्हा तुमच्यापुढे जे आलंय तो निकाल नाही, न्यायालयाचा नाही आणि यूट्यूबचाही नाही. एका खासगी कंपनीच्या आवारात दुसऱ्या खासगी कंपनीने केलेला तो अर्ज आहे, आणि त्यावर तुमचं म्हणणं मांडायची सोय तिथेच आहे.

आता भीतीचं. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम एका व्हिडिओपुरता असतो, त्याने चॅनलवर डाग पडत नाही. स्ट्राइक, म्हणजे चॅनलवरचा ठपका, येतो तो कंपनीने कायदेशीर टेकडाउनची, म्हणजे व्हिडिओ काढून टाकण्याची, मागणी केली तर. तो ९० दिवस राहतो आणि असे तीन एकाच वेळी चालू असतील तर चॅनल बंद होऊ शकतं. साध्या डिस्प्यूटने लगेच स्ट्राइक येत नाही, पण तो डिस्प्यूट नाकारण्याऐवजी थेट टेकडाउन मागण्याचा पर्याय कंपनीकडे असतो. म्हणून जिथे आपली बाजू पक्की आहे तिथेच जायचं.

सोप्या क्लेमपासून सुरुवात करू. दुसरा, म्हणजे मंडपातल्या कॅसेटचा, मान्य करा. ते ध्वनिमुद्रण कंपनीचंच आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभाला सवलत आहे, ती बरेच जण पुढे करतात. पण ती समारंभात गाण्या-वाजवण्यापुरती आहे. समारंभ संपल्यावर त्याचा व्हिडिओ जगभर दाखवायला ती पुरणार नाही, असं माझं वाचन आहे. यूट्यूब स्टुडिओत जाऊन शेवटचा तुकडा कापा. व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही, व्ह्यूज आणि कॉमेंट जागेवर राहतात आणि तो भाग गेला की क्लेमही जातो. त्या भागात कुणाचं बोलणं असेल आणि ते हवं असेल तर फक्त गाणं पुसायची किंवा आवाज बंद करायची सोयही आहे. गाणं पुसताना कधी बोलणंही खरवडलं जातं, तेव्हा आधी ऐकून बघा.

इथे एक पोटप्रश्न येऊ शकतो, की कॅसेटवरचं गाणं फार जुनं असेल तर? भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. पण अमेरिकेत १९५७ ते फेब्रुवारी १९७२ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे. त्यामुळे तेच गाणं इथे मोकळं आणि न्यू जर्सीतल्या तुमच्या मावसभावाला बंद, असं खरोखर होतं. सव्वा मिनिटासाठी एवढ्या भानगडीत पडू नका.

तिसरा क्लेम, बासरीचा. ‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे मालक नसलेलं असं नाही. मालकाने काही अटींवर वापरायला दिलेलं, असा त्याचा अर्थ. कुठून घेतलं ते पान शोधा, अटी वाचा. नाव देण्याची अट असेल तर वर्णनात नाव घाला. पान सापडलं आणि अट पाळलेली असेल तर डिस्प्यूटमध्ये ‘लायसन्स’ हे कारण निवडून पानाचा पत्ता आणि घेतल्याची तारीख लिहा. हे क्लेम बहुतेक वेळा असे जन्मतात: कुणा तरुणाने त्याच बासरीवर एखादा श्लोक म्हटला, गाणं डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणी ॲपवर पोहोचवणाऱ्या मध्यस्थाकडून, सगळीकडे पाठवलं आणि अर्जात कंटेंट आयडीच्या चौकटीवर टिचकी मारली. आता बासरी जिथे जिथे वाजेल तिथे त्याच्या नावाने क्लेम. यूट्यूबचा नियम असा, की जे फक्त आपल्याच मालकीचं नाही ते रेफरन्स म्हणून देऊच नये. पण चौकट भरताना नियम कोण वाचतो! २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन संगीतज्ञाने स्वतः तयार केलेल्या दहा तासांच्या नुसत्या खरखरीवर पाच क्लेम आले होते. तेव्हा तुमच्या तानपुऱ्याच्या ॲपवर उद्या क्लेम आला तर दचकू नका. बासरीचं पान सापडलं नाही तर मात्र भांडू नका. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतलं काही लावा, किंवा सरळ वडिलांच्या विण्याचा झंकार दहा सेकंद मुद्रित करून शीर्षकाखाली टाका. मला तेच जास्त आवडेल.

आता पहिला क्लेम, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. एका गायलेल्या अभंगात हक्कांचे तीन थर असतात. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण.

शब्दांचं काहीच अडत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि तुकोबा सतराव्या शतकातले. ध्वनिमुद्रणाचंही अडत नाही, कारण ते नवं आहे. मुद्रणाची जबाबदारी ज्याने घेतली तो त्याचा निर्माता, म्हणजे तुम्ही. गायक-वादकांचे वेगळे हक्क कायद्यात आहेत, म्हणून मंडळातल्या सगळ्यांची एका कागदावर संमती घेऊन ठेवा. आज सगळे घरचेच आहेत, पण पखवाजवाल्याच्या मुलाने उद्या स्वतःचं चॅनल काढलं की कागद आठवतो. आणि चित्रीकरण गावातल्या व्हिडिओवाल्याने केलं असतं, तर उत्तर इतकं सरळ राहिलं नसतं. मंडपातला व्हिडिओवालाच आपल्या नावाने ते डिस्ट्रिब्युटरकडे देतो आणि बुवांच्याच चॅनलवर क्लेम येतो, अशी प्रकरणं माझ्याकडे सारखी येतात.

उरली चाल. सगळं हिच्यावर अवलंबून आहे आणि इथे मी तुम्हाला दुरून होय-नाही सांगू शकत नाही. चाल फडावरची, परंपरेने आलेली असेल तर तिच्यावर कुणाचाच हक्क नाही. पण ती एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल तर शब्द कितीही जुने असले तरी चालीचा हक्क जिवंत असू शकतो. श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांच्या अभंगांना चाली बांधल्या. खळे २०११ मध्ये गेले. म्हणजे त्या चालींचा हक्क २०७१ अखेरपर्यंत चालणार. शब्द तुकोबांचे, चाल खळ्यांची, आणि कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी कामं.

अडचण अशी की आपल्या मंडळांना स्वतःलाच हे नेहमी ठाऊक नसतं. आधी आकाशवाणीवर आणि मग कॅसेटवर ऐकलेल्या चाली मंडळांनी उचलल्या, पुढच्या पिढीने त्या मोठ्यांकडून घेतल्या, आणि आता त्या ‘आमच्या गावच्या पारंपरिक’ झाल्या. त्यात कुणाची लबाडी नाही, परंपरा अशीच वाढते. पण डिस्प्यूट लिहिण्यापूर्वी वडिलांना विचारा, ही चाल कोणाकडून घेतली? त्यांच्या बुवांनी कोणाकडून घेतली? ‘पूर्वीपासून आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. काकड्याला, वारीत, दुसऱ्या फडांवर हीच चाल म्हणतात का, हे विचारा. कॅसेट येण्याच्या आधीपासून म्हणत होते असं सांगणारं जुनं माणूस गावात असेल तर उत्तमच.

मग कंपनीचं गाणं लावा. क्लेमच्या तपशिलात त्याचं नाव असतं. शेजारी वडिलांचं गाणं लावून ऐका, आणि त्यांनाच ऐकवा, त्यांचा कान आपल्यापेक्षा तयार आहे. तीन शक्यता आहेत. चाली वेगळ्याच आहेत, यंत्राला राग किंवा भैरवीचं वळण सारखं वाटलं. किंवा चाल तीच आहे पण पारंपरिक आहे. किंवा चाल त्या संगीतकाराचीच आहे. दुसऱ्या शक्यतेत एक बारकावा राहतो. धृपद आणि अंतरा पारंपरिक असला तरी कडव्यांमधले म्युझिक पीस संगीत संयोजकाने नव्याने रचलेले असतात. तुमच्या पेटीवाल्याने ते जसेच्या तसे वाजवले असतील तर तेवढा भाग पारंपरिक म्हणता येणार नाही.

यात एक पुरावा फार उपयोगी पडतो आणि तो कंपनीकडेच असतो. भक्तिगीतांच्या कॅसेटवर, सीडीवर आणि कित्येकदा कंपनीच्याच अधिकृत व्हिडिओखाली ‘गीत: संत तुकाराम, संगीत: पारंपरिक’ असं छापलेलं असतं. ते सापडलं तर ते वाक्य जसंच्या तसं, कुठे छापलंय त्या उल्लेखासह, डिस्प्यूटमध्ये घाला. कंपनीत होतो तेव्हा असा डिस्प्यूट समोर आला की मी पुढचं काही वाचत नसे. तो सोडायचाच.

मोठ्यांच्या बाबतीतही असं घडलंय. २०१८ मध्ये ब्रिटिश पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी स्वतः वाजवलेला बाखच्या रचनेचा तुकडा फेसबुकवर टाकला, तर एका मोठ्या संगीत कंपनीच्या नावाने त्यातल्या ४७ सेकंदांवर दावा आला. बाख वारला १७५० मध्ये, तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर सुमारे शंभर वर्षांनी. बोभाटा झाल्यावर दावा सुटला. तुमच्या-माझ्यासाठी बोभाटा होत नाही, म्हणून डिस्प्यूट नीट लिहावा लागतो.

कसा लिहायचा? तिकडे बसलेल्या माणसाचा विचार करून. त्याच्यापुढे रांग असते. आषाढीच्या आधीच्या पंधरवड्यात तर भक्तिगीतांच्या डिस्प्यूटचा ढीग लागतो. त्याला दोन मिनिटांत ‘सोडा’ म्हणता आलं पाहिजे आणि वरिष्ठाने विचारलं तर कारण दाखवता आलं पाहिजे. शिव्या, भावना, ‘देवाचं काम आहे’ हे सगळं तो वगळून वाचतो. तो मराठी असेलच असं नाही, म्हणून इंग्रजीत लिहा. मजकूर साधारण असा ठेवा:

‘हे आमच्या भजनी मंडळाचं प्रत्यक्ष गायन असून मी स्वतः अमुक तारखेला मुद्रित केलं आहे. आपल्या ध्वनिमुद्रणाचा कोणताही भाग यात नाही. शब्द संत तुकाराम यांचे, सतराव्या शतकातले आहेत. चाल वारकरी परंपरेतली आहे. आपल्याच अमुक प्रकाशनावर संगीत पारंपरिक असल्याचं नमूद आहे. ही जुळणी केवळ या सामाईक पारंपरिक चालीमुळे झाली आहे, तरी क्लेम मागे घ्यावा.’

एवढंच. कारणांच्या यादीत ‘पब्लिक डोमेन’, म्हणजे कुणाचाच हक्क नसलेलं, हे निवडा. ‘फेअर यूज’ निवडू नका. तो अमेरिकी कायद्यातला बचाव आहे आणि दुसऱ्याची वस्तू वापरल्याचं आधी मान्य करून मग तो घ्यायचा असतो. तुम्ही ती वापरलेलीच नाही.

यानंतर कंपनीला ३० दिवस मिळतात. ती गप्प बसली तर क्लेम आपोआप सुटतो, आणि माझ्या पाहण्यात असं बऱ्याचदा होतं. तिने नाकारलं तर तुम्ही अपील करू शकता, त्यावर तिला ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अपिलापर्यंत मात्र विचार करून जा. अपीलही मान्य नसेल तर कंपनीपुढे टेकडाउन मागण्याचाच रस्ता उरतो आणि तो लागू झाला की स्ट्राइक. कधी कंपनी सात दिवसांच्या मुदतीची टेकडाउन मागणी करते. त्या मुदतीत अपील मागे घेतलं तर स्ट्राइक टळतो, जुना क्लेम तेवढा राहतो. त्यापुढची पायरी काउंटर नोटिफिकेशनची, म्हणजे टेकडाउनला कायदेशीर उत्तर देण्याची. त्यात तुमचं खरं नाव-पत्ता कंपनीला जातो, अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं, आणि कंपनीने कामकाजाच्या १० दिवसांत दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. एका भजनासाठी तिथवर जाण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. चाल निर्विवाद पारंपरिक असेल आणि कंपनी तीच अडवून सगळ्या मंडळांना त्रास देत असेल, तर गोष्ट वेगळी.

चॅनलवर कमाई सुरू असेल तर एक तारीख पाळा. क्लेम आल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात आणि जिंकणाऱ्याला मिळतात. उशीर केला तर डिस्प्यूटच्या दिवसापासूनचेच. कमाई नसेल तर घाई नाही, आधी वडिलांशी आणि गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलणं उरका.

चाल संगीतकाराचीच निघाली तर? मग क्लेम राहू द्या. बहुतेक वेळा अशा क्लेमने व्हिडिओ बंद होत नाही, फक्त त्यावर जाहिरात लागते. भजनाच्या मध्ये साबणाची जाहिरात आलेली वडिलांना रुचणार नाही, हे मला कळतं. पण चाल बांधणाऱ्याच्या घरी त्यातून चार पैसे जात असतील तर मला त्यात अन्याय दिसत नाही. ते खरंच त्याच्या घरी जातात का, हे त्याच्या करारावर आहे.

तुम्ही विचारलंय की डिस्प्यूट करून उपयोग होतो का, की हे नुसतं दाखवायला आहे. यूट्यूबने २०२१ च्या पहिल्या सहामाहीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्या सहा महिन्यांत ७२ कोटींहून जास्त क्लेम झाले, त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक यंत्राने आपणहून केलेले. त्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी क्लेमवर डिस्प्यूट झाले, आणि जे झाले त्यातले ६० टक्के व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने सुटले. कंपन्या यातला पहिला भाग वाचून म्हणतात, बघा, यंत्र किती अचूक. चॅनलवाले शेवटचा वाचून म्हणतात, बघा, अर्ध्याहून जास्त चूक. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. बहुसंख्य क्लेम सिनेमाची गाणी सरळ उचलून टाकणाऱ्यांवर असतात, ते कशाला भांडतील? पण ज्यांचं खरं आहे अशांपैकीही कितीतरी जण स्ट्राइकच्या भीतीने गप्प बसतात, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

कॉमेंटमध्ये तुम्हाला मिळालेले तीन सल्ले मात्र विसरा. वर्णनात ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ लिहून काही होत नाही, यंत्र वर्णन वाचत नाही आणि कायदा तेवढ्याने भागवत नाही. ३० सेकंदांपर्यंत चालतं, असा नियम कुठेही नाही. आणि पट्टी अर्ध्या सुराने चढवून पुन्हा टाकणं तर अजिबात नको. गाळण्या अशा बदलांना बऱ्यापैकी सरावलेल्या आहेत, शिवाय तो प्रकार पकडला गेला तर खरी बाजू असूनही तुम्ही चोरासारखे दिसता. आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या माणसाला साडेचारमध्ये ऐकवणं हा वडिलांवरही अन्यायच.

पुढच्या वेळी व्हिडिओ चढवताना प्रकाशित करण्याआधी ‘तपासणी’ची पायरी येते, तिथे थांबा. क्लेम येणार असेल तर बहुतेक वेळा तिथेच कळतं आणि कापाकापी खासगीत उरकता येते.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलेलं, की १९९४ मध्ये वडिलांची एक कॅसेट निघाली होती, ती आता चॅनलवर टाकू का? थांबा. त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०५४ अखेरपर्यंत आहे, आणि खर्च कंपनीने केला असेल तर प्रथमदर्शनी तो तिचाच, गळा वडिलांचा असला तरी. कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही, तो बहुधा कुणीतरी विकत घेतलेला असतो आणि नेमकी तीच कॅसेट आज कुणाच्या तरी रेफरन्स यादीत असते. वडिलांनी सही केलेला कागद घरात कुठेतरी असेल. तो शोधा, मुदत आणि प्रदेश यांबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि नावं झाकून त्या दोन कलमांचा मजकूर इथे टाका. कागद नसेल आणि मुद्रणाचा खर्च वडिलांनीच केला असेल, तर स्टुडिओची पावती तरी आहे का ते कळवा.